‘क्लोन मारा, आयपी बदला, झालं’ म्हणे!

सिस्टम अ‍ॅडमिन मंडळींत एक सल्ला सारखा फिरतो: ‘चालू मेल सर्व्हरचं टेम्प्लेट (प्रती काढायचा साचा) करून ठेवा. नवी शाखा किंवा नवा ग्राहक आला की क्लोन (हुबेहूब प्रत) मारा, आयपी आणि होस्टनेम (मशीनचं नाव) बदला. दहा मिनिटांत मेल सुरू.’ टेम्प्लेट वापरावं, यात वाद नाही. वाद आहे तो त्यात काय ठेवायचं याचा. एक्सचेंजचा भाग सोडला तर खालचं सगळं प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) उबुंटू लिनक्स, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट धरून आहे.

‘चालू सर्व्हरचंच टेम्प्लेट करा.’

चालू सर्व्हरच्या रांगेत अडकलेले मेल असतात. तेही क्लोनमध्ये जातात आणि प्रत्येक क्लोन ते पाठवायला निघतो. पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार मेल पाच दिवस रांगेत ठेवतो. टेम्प्लेट दोन महिन्यांचं असेल तर पहिल्याच बूटला काही मेल दुसऱ्यांदा पोचतात, उरलेले बाउन्स होऊन मूळ पाठवणाऱ्याकडे परत जातात. ग्राहक विचारतो, हे काय? उत्तर देणं अवघड.

डीकेआयएमची (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे सांगणारी डिजिटल सही) खाजगी की, म्हणजे सहीची गुप्त किल्ली, त्याहून वाईट. ती टेम्प्लेटमध्ये राहिली तर एका ग्राहकाचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने सही करू शकतो, आणि एक मशीन फुटलं की सगळीकडच्या की बदलाव्या लागतात. ही किल्ली क्लोननंतर त्या मशीनवरच बनवा, सिलेक्टरही (डीएनएसमध्ये ती किल्ली शोधायचं नाव) वेगळा द्या.

म्हणून टेम्प्लेट कोऱ्या ओएसवरून करा: 20 जीबीची डिस्क, अपडेट्स, पॅकेजेस, फायरवॉलचे नियम, बस. बंद करण्याआधी ‘क्लाउड-इनिट क्लीन’ चालवा (क्लाउड-इनिट पहिल्या बूटला मशीनची सेटिंग्ज भरतं), एसएसएचच्या (दूरून लॉगिनच्या) होस्ट की पुसा आणि मशीन-आयडीची (मशीनचा ओळख क्रमांक) फाइल रिकामी करा. फाइल उडवायची नाही, रिकामी ठेवायची. हे करायचं राहिलं की उबुंटूचे दोन क्लोन आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडे एकच ओळख सांगतात आणि दोघांना एकच आयपी मिळतो. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे) वेगळे दिसतात, त्यामुळे शोधणारा तासभर स्विचच्याच मागे लागतो.

मेलबॉक्सची डिस्क क्लोननंतर वेगळी जोडा. ती माउंट झाल्याशिवाय डव्हकॉट सुरू होऊ नये, अशी अट त्याच्या सर्व्हिसला घाला. नाहीतर एखाद्या रीबूटला माउंट चुकतो, मेल मुकाट्याने ओएसच्या डिस्कवर उतरत राहतात आणि ‘मेल गायब’ म्हणून फोन सुरू होतात.

‘आयपी आणि होस्टनेम बदललं की पुरे.’

इथेच सगळ्यात चकवणारी चूक होते. ज्या कंपनीच्या सर्व्हरचं टेम्प्लेट केलं तिचं डोमेन पोस्टफिक्सच्या ‘मायडेस्टिनेशन’मध्ये (स्वतःच्या डोमेनची यादी) किंवा व्हर्च्युअल डोमेनच्या यादीत राहून जातं. मग नव्या सर्व्हरवरून त्या कंपनीला मेल पाठवला की पोस्टफिक्स एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जातो ती डीएनएस नोंद) पाहतच नाही. डोमेन आपलंच समजून तो पत्ता घरातच शोधतो आणि ‘युझर अननोन’ म्हणून परतवतो. जीमेलला मेल जातात, बाहेरचे येतात, फक्त त्या एका कंपनीला जात नाहीत. दोष मात्र डीएनएसला दिला जातो. बदललेली सेटिंग्ज दाखवणारं ‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवून जुनं नाव कुठे उरलंय ते पाहा. ज्या मॅप फाइल्सचा (पत्ते-डोमेनच्या याद्या) उल्लेख दिसेल त्याही उघडा. होस्टनेम, डोमेनची यादी आणि टीएलएस प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग क्लाउड-इनिटने किंवा अँसिबलने (सेटिंग्ज आपोआप भरणारं साधन) भरा. हाताने भरलं की एक जागा सुटतेच.

‘एक्सचेंजचंही असंच करा, सिसप्रेप आहेच की.’

एक्सचेंज हा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, आणि सिसप्रेप हे क्लोनसाठी विंडोजची ओळख पुसणारं साधन. एक्सचेंज बसवलेल्या सर्व्हरवर सिसप्रेप चालवायला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही. एक्सचेंजची बरीच मांडणी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कची मध्यवर्ती नोंदवही) असते, मशीनची प्रत काढून ती दुप्पट होत नाही. टेम्प्लेट विंडोज आणि पूर्वतयारीपर्यंतच. पुढचं सेटअप स्क्रिप्टने.

‘दहा मिनिटांत मेल सुरू.’

मशीन सुरू होतं, हे खरं. मेल इनबॉक्समध्ये पोचणं वेगळं. पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) आयपी ज्याचा आहे त्याच्याकडून, म्हणजे आयएसपी किंवा होस्टिंगवाल्याकडून करून घ्यावी लागते. पीटीआरमधलं नाव परत त्याच आयपीकडे वळलं पाहिजे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल हे सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून मागतं, शिवाय एसपीएफ (डोमेनतर्फे मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची डीएनएस यादी) किंवा डीकेआयएम. गूगल क्लाउडच्या काही प्रोजेक्ट्सवर बाहेर जाणारा पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) बंद असतो, अझ्यूरच्या बहुतेक सबस्क्रिप्शन्सवरही. टेम्प्लेट कितीही नीट असलं तरी तिथे रिले सेवा (आपले मेल पुढे पाठवणारी) घ्यावी लागते.

तेव्हा पीटीआरची विनंती आधी टाका, एमएक्सचा टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ जपून ठेवायची ते) आदल्या दिवशी 300 सेकंदांवर आणा, आणि क्लोन त्यानंतर मारा.