रत्नागिरी येथील 3 किलोवॅटच्या सौरसंचाबाबत आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: जुलै महिन्यात आपल्या रत्नागिरीच्या घरावरील 3 किलोवॅटच्या संचाने 214 युनिट वीज दिली, तर सोलापूरला राहणाऱ्या आपल्या मेहुण्यांच्या तेवढ्याच क्षमतेच्या संचाने 309 युनिट दिली; नकाशावर दोन्ही गावे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर असल्यामुळे ऊन सारखेच पडणार, तेव्हा आम्ही हलक्या प्रतीची पॅनेल बसवली असली पाहिजेत; जर्मनीसारख्या देशात सौरवीज चालते तर कोकणात का चालू नये; आणि तक्रार करण्यासाठी आठ दिवस प्रयत्न करूनही आमच्याकडे कोणी फोन उचलला नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यावर आमच्याकडे सांगण्यासारखे काही नाही. सेवेचा फोन ज्यांच्याकडे असतो ते रजेवर होते आणि तो दुसऱ्या कोणाकडे सोपवायचे राहून गेले. चूक आमची आहे, आपली क्षमा मागतो.

आता उन्हाविषयी. आपले नकाशावरचे निरीक्षण अचूक आहे. रत्नागिरी सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर आणि सोलापूर त्याच्या जेमतेम पाऊण अंश वर आहे, त्यामुळे दिवसाची लांबी आणि दुपारी सूर्य किती उंच येतो, या दोन्ही बाबतींत दोन्ही गावांत नाव घेण्यासारखा फरक नाही. वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना समोरासमोर धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट इतके सौरप्रारण, म्हणजे सूर्यकिरणांतून येणारी ऊर्जा, मिळते. जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असल्यामुळे ते जानेवारीपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी कमी असते, पण ही घट दोन्ही गावांना सारखीच लागू आहे. मध्ये वातावरण नसते, तर आपले आणि मेहुण्यांचे मीटर जवळपास सारखेच फिरले असते.

फरक पडतो तो खाली येताना. निरभ्र आकाश आणि डोक्यावर सूर्य असताना जमिनीवर चौरस मीटरला साधारण 1000 वॅट पोचतात, आणि पॅनेलवर छापलेली क्षमता याच 1000 वॅटला व 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात आणि तिथेच ढग व पाऊस होऊन रिते होतात. म्हणून रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून पूर्वेला गेलेला वारा सोलापूरपर्यंत पोचेतो कोरडा झालेला असतो. पर्जन्यछायेतला दुष्काळ सोलापूरच्या शेतकऱ्याला नकोसा असला, तरी पॅनेलला तोच मानवतो. ढगांतून आलेला विखुरलेला प्रकाशही वीज देतो, म्हणूनच आपला संच भर पावसात बंद पडला नाही, फक्त मंदावला.

ही गोष्ट जगभर अशीच दिसते. अक्षांशावरून पाहिले तर वर्षभरात विषुववृत्ताला सर्वाधिक ऊन मिळायला हवे. पण तिथली तापलेली दमट हवा वर चढून ढग बनते, आणि तीच हवा कोरडी होऊन 20 ते 30 अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते, तिथे आकाश स्वच्छ राहते व वाळवंटे होतात. जमिनीवर पोचणारे सर्वाधिक प्रारण चिलीतल्या अटाकामा वाळवंटात आहे, काँगोच्या जंगलात नाही. जर्मनी 47 ते 55 अंशांवर आहे, आणि तिथे वर्षाकाठी चौरस मीटरला साधारण 1000 ते 1200 युनिट प्रारण मिळते, म्हणजे कोकणापेक्षाही कितीतरी कमी. तिथला डिसेंबर आपल्या जुलैपेक्षा वाईट असतो, कारण सूर्य क्षितिजाजवळ घुटमळतो, तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात आणि दिवसही आखूड असतो. तिथे सौरवीज वाढली ती सरकारी धोरण आणि दर यांमुळे, उन्हामुळे नाही.

बसवताना आपण विचारले होते, म्हणून तोंडाच्या दिशेबद्दलही लिहितो. पॅनेल 17 अंश कलून दक्षिणेकडे पाहतात, तर 21 जूनच्या दुपारी रत्नागिरीत सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे त्या वेळी सुमारे 8 टक्के प्रकाश हुकतो. डिसेंबरात सूर्य 40 अंश दक्षिणेला झुकतो, तेव्हा हाच कल उपयोगी पडतो. तो बदलू नये, असे माझे मत आहे.

आमची खरी चूक कोटेशनमध्ये आहे. दर किलोवॅटमागे रोज सरासरी 4 युनिट हा वर्षभराचा आकडा आमच्या प्रतिनिधीने आपल्याला ‘महिन्याला 360 युनिट धरून चाला’ असा सांगितला. कोकणातल्या पावसाळ्याला तो लागू पडत नाही, हे या धंद्यातल्या कोणाला ठाऊक नाही असे नाही. हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांनी देशभर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली आणि त्यांची भारताच्या सौरप्रारणाची माहितीपुस्तिका 1980 सालीच प्रसिद्ध झाली. यापुढे आमचे प्रत्येक कोटेशन त्या गावच्या बारा महिन्यांच्या तक्त्यासह दिले जाईल. आपला तक्ता आजच पाठवला आहे.

तरीही सगळा दोष ढगांवर टाकणार नाही. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या आपल्या इन्व्हर्टरच्या नोंदींत जुलैत दिवसा एकूण 31 तास महावितरणचा पुरवठा नव्हता, आणि लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी असा इन्व्हर्टर पुरवठा गेला की आपोआप बंद होतो. शिवाय आपण पाठवलेल्या फोटोत खालच्या चौकटीलगत शेवाळ दिसते, ते आम्ही पाहायला हवे होते. मेहुण्यांना एप्रिलचा आकडाही विचारून पाहावा. आपल्या संचाने त्या महिन्यात 421 युनिट दिले आहेत, आणि सोलापूरच्या उष्म्यात पॅनेल तापले की 25 अंशांवरच्या प्रत्येक अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटते, म्हणून तिथे तफावत बरीच कमी दिसेल. एप्रिल-मेमधली जादा युनिट नेट मीटरमुळे, म्हणजे महावितरणला दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमुळे, आपल्या पावसाळी बिलांत वळती झाली आहेत. जुलैच्या बिलात ती नोंद सापडेल.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता आमचे तंत्रज्ञ शेवाळ काढून प्रत्येक पॅनेल स्वतंत्र मोजतील. एखादे पॅनेल हमीपेक्षा कमी भरले, तर ते विनामूल्य बदलून देऊ. त्या वेळी मी स्वतः हजर असेन.