हळदीच्या दुधाच्या गळ्यात इतकी बिरुदं कशाला?

थंडी सुरू झाली की इंदूरच्या मराठी घरांतल्या फोनांवर एक संदेश हमखास फिरतो. रामबागेतल्या मावशी तो सुदामानगरातल्या भाच्याला पाठवतात, भाचा तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. मजकूर थोडक्यात असा : "अमेरिकेनं ज्याचं पेटंट पळवलं होतं ते हळदीचं दूध रोज रात्री घ्या. तांब्याच्या भांड्यात दूध, एक मोठा चमचा हळद, किसलेलं आलं आणि गूळ एकत्र उकळा. मिरपूड घातली की हळदीची ताकद 2000 टक्के वाढते. सर्दी एका रात्रीत पळते, गुडघे मोकळे होतात, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात. तान्ह्या बाळालाही दोन चमचे द्या." आणि खाली कुणीतरी जोडलेली, सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीवरची इंदुरी शेपटी : "सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत खाऊनही आपण ठणठणीत असतो ते याच दुधामुळे, भिया!"

हळदीचं दूध मी आवडीनं पितो, तेव्हा भांडण दुधाशी नाही. भांडण त्या बिरुदांशी आहे.

आधी पेटंट. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जे पेटंट मिळालं ते जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याबद्दलचं होतं. त्यात दुधाचा संबंध नव्हता. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख असताना त्या संस्थेनं जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे दाखले देऊन आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. रद्द झालं ते "हे ज्ञान नवं नाही" म्हणून. हळदीनं सर्दी किंवा गुडघे बरे होतात, असं प्रमाणपत्र त्या निकालात कुणी दिलेलं नाही. अभिमान जरूर बाळगावा, पण तो योग्य गोष्टीचा.

आता ते 2000 टक्के. हा आकडा हवेतला नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माणसांना 2 ग्रॅम कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, नुसतं दिलं. मग त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन 20 मिलिग्रॅम दिलं. मिऱ्यासोबत ते रक्तात बरंच जास्त उतरलं, हे खरं. पण नुसतं दिलेलं कुर्क्युमिन रक्तात जेमतेमच सापडलं होतं. जवळजवळ शून्याची वीसपट वाढ म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शिवाय ते 2 ग्रॅम नीट पाहा. साध्या हळदीत कुर्क्युमिन साधारण 3 टक्के असतं. म्हणजे 2 ग्रॅमसाठी पासष्ट ग्रॅमच्या आसपास हळद लागेल, चहाच्या चमच्यानं वीसेक चमचे. आपण पेल्यात घालतो अर्धा चमचा. त्यातून मिळतात फार तर 40-45 मिलिग्रॅम. गंमत म्हणजे मिऱ्याचा हिशेब सात-आठ दाण्यांत जुळतो, हळदीचा काही केल्या जुळत नाही. आणि जुळवायला म्हणून संदेशातल्यासारखा मोठा चमचा भरून हळद घातली तर दूध कडू आणि खरखरीत होतं, तळाशी गाळ बसतो तो वेगळाच. मिरपूड घालावी ती घशाला बरं वाटतं म्हणून.

गुडघ्यांबाबत काही अभ्यासांत दुखणं कमी झाल्याचं दिसलंय, पण तिथे दिला होता तो हळदीचा अर्क, तोही शेकडो मिलिग्रॅमच्या मापात. तो निकाल आपल्या पेल्याच्या नावावर खपवता येत नाही.

तांब्याचं भांडं तर नकोच. तांब्यामुळे दुधातल्या स्निग्धांशाला लवकर खवट वास लागतो. आपल्या आज्यांनी तांब्यात पाणी ठेवलं. दूध तापवलं ते कल्हई केलेल्या पितळेत. आज स्टीलचं जाड बुडाचं पातेलं उत्तम.

कृती ज्यानं लिहिली त्यानं हे दूध स्वतः केलेलं दिसत नाही. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. थंड किंवा कोमट दुधात आलं किसून हळूहळू तापवलं की दुधाच्या कण्या दिसू लागतात आणि दूध फाटतं. खळखळ उकळीला ते विकर निकामी होतं. चहा फाटत नाही, कारण आलं आधी पाण्यात उकळलेलं असतं. इथेही तसंच करावं : दोन घोट पाण्यात आलं, हळद आणि ठेचलेली मिरी चांगली उकळू द्यावी, हळदीचा कच्चा वास गेला की त्यात दूध ओतावं. फुल क्रीम असेल तर बरं. त्यात 6 टक्के स्निग्धांश असतो आणि हळदीचा रंग, वास तुपातेलातच खुलतो. गूळ आम्ल असतो, म्हणून तो आच बंद करून, दूध जरा निवल्यावर घालायचा. आणि मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं, गूळ ही साखरच.

सर्दी? ती तिच्या गतीनं आठवड्याभरात जाते. 2008 च्या सुमारास कार्डिफ विद्यापीठातल्या एका अभ्यासात गरम पेयानं नाक, घसा, खोकला यांना आराम वाटल्याचं लोकांनी सांगितलं. ते पेय होतं फळांच्या रसाचं. म्हणजे ऊब कामाला आली, आणि ती आपल्या पेल्यातही असतेच.

सराफ्याबद्दल काय बोलावं! दागिन्यांची दुकानं मिटल्यावर तिथे पसरट कढईत जे दूध आटत असतं, कडेला सारलेली साय वरून घालून जे मिळतं, त्यात केशर, वेलची, पिस्ते आणि भरपूर साखर असते. हळद नव्हे. तळलेला गराडू (एक कंद), जिलबी आणि दुधातच शिजलेला भुट्ट्याचा कीस खाऊन वर ते प्यायचं, हा निव्वळ चैनीचा मामला आहे. चैन म्हणून करा, पचनाचा काढा म्हणून नको.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण "गोळ्या सुटतात" वाचून एखाद्या आजोबांनी खरंच गोळी थांबवली तर बीपी काही लक्षण न दाखवताही चढतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर हळदीच्या कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. आणि बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून वर्षाच्या आत देत नाहीत.

तेव्हा मावशी, संदेश पुढे पाठवायचाच असेल तर गोळ्यांची आणि बाळाची ओळ खोडा, तांब्याच्या जागी स्टील लिहा, आणि गूळ शेवटी घालायचा हे जरूर लिहा.