‘लावा आणि विसरा’ म्हटल्यावर पेरुव्हियन अ‍ॅपलला फळ कसं धरणार?

हिरव्या खांबासारखा उभा निवडुंग, त्यावर लालभडक गुळगुळीत फळं आणि खाली मजकूर: ‘पेरुव्हियन अ‍ॅपल कॅक्टस. पाणी नको, खत नको. एक फांदी खोचा, वर्षात फळं. एकच झाड घराला पुरे. कॉम्प्युटरशेजारी ठेवा, किरणं शोषून घेतो, नासाने सिद्ध केलंय.’ हा फॉरवर्ड बागकामाच्या बहुतेक सगळ्या ग्रुपांवर फिरून गेलाय. फोटो खरा आहे, फळंही खरी. मजकुराबद्दल मात्र बोलायला हवं.

पाणी नको? सेरियस (या निवडुंगाचं शास्त्रीय नाव सेरियस रेपॅन्डस) पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतो, यात शंका नाही. त्याची रंध्रं, म्हणजे खोडावरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही. पण तगणं वेगळं आणि फळणं वेगळं. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात बेन-गुरियन विद्यापीठाच्या योसेफ मिझराही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची फळबाग उभी केली, ‘कोउबो’ नावाने फळ बाजारातही आणलं. ती बाग ठिबकवर होती, आणि पाण्यातून खतही दिलं जायचं. वाळवंटातल्या लोकांना जे फुकट मिळालं नाही, ते आपल्याला गच्चीवर कसं मिळेल?

आपल्याकडची खरी अडचण उलटीच आहे. सेरियस रेपॅन्डस हा कॅरिबियन किनाऱ्यावरचा, कुरासाव बेटावरचा रहिवासी. तिथे तो कुंपणाला लावतात, खोडाचं सूपही करतात. त्या बेटावर वर्षाचा पाऊस 600 मिमीच्या आतबाहेर. रत्नागिरीत तोच 3000 मिमीच्या वर जातो. म्हणजे कोकणात हे झाड तहानेने नाही, जुलैत बुडाशी सडून मरतं. निम्मी भरड वाळू किंवा विटांचा चुरा, थोडं जुनं शेणखत, कुंडीला मोठं भोक, आणि पावसाळ्यात जमलं तर पत्र्याखाली. उन्हाळ्यात मात्र माती पूर्ण वाळली की भरपूर पाणी द्यावं, फुलं येण्याच्या दिवसांत तर नक्कीच.

सगळ्यात जास्त निराशा करणारं वाक्य आहे ‘एकच झाड पुरे’. या निवडुंगाला स्वतःचे पराग चालत नाहीत. परागीभवन होण्यासाठी जनुकीयदृष्ट्या वेगळं दुसरं झाड लागतं. इथेच लोक फसतात: एकाच झाडाच्या चार फांद्या चार कुंड्यांत लावल्या, तरी ती चार झाडं नव्हेत, एकच झाड चार ठिकाणी. शेजाऱ्याने तुमच्याकडूनच फांदी नेली असेल तर त्याचंही झाड उपयोगाचं नाही. बियांपासूनची दोन रोपं घ्या, किंवा अगदी वेगळ्या ठिकाणाहून दुसरी फांदी आणा.

त्यात फूल एकाच रात्रीचं. अंधार पडल्यावर उमलतं, सकाळी ऊन चढलं की मिटतं. कुरासाववर मकरंद पिणारी वटवाघळं हे काम करतात. आपल्याकडे एखादा मोठा पतंग आला तर आला, सकाळी लवकर मधमाश्या येतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. रात्री टॉर्च आणि मऊ ब्रश घेऊन एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलातल्या कुक्षीवर (मधल्या दांड्याच्या टोकावर) लावावेत. हे न करता ‘फुलं गळतात, कोणतं औषध मारू?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. औषधाचा प्रश्नच नाही.

‘वर्षात फळं’ याबद्दल थोडक्यात: बियांपासूनच्या रोपाला चांगली निगा राखूनही तीन-चार वर्षं सहज लागतात. फुलणाऱ्या झाडाची जाड फांदी लवकर फळते, पण तीही कापल्या कापल्या खोचायची नाही. सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवून काप वाळू द्यायचा.

आता किरणं. नासाचा जो अभ्यास यात ओढला जातो तो 1989 चा, वुल्व्हर्टन यांचा. तो बंद पेटीतल्या हवेतल्या बेन्झीन, फॉर्मल्डिहाइडसारख्या वायूंचा होता. किरणांचा त्यात संबंध नाही, आणि तपासलेल्या झाडांत सेरियसही नाही. शिवाय एका कोपऱ्यातलं झाड खोलीभरच्या लहरी ओढून घेत असतं, तर आधी तुमचं वायफाय बंद पडलं असतं. टेबलावर ठेवल्याने एकच गोष्ट होते: ऊन न मिळाल्यामुळे नवी वाढ बारीक, फिकट, टोकदार येते आणि फूल कधीच येत नाही. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. (घरातून एकदम मे महिन्याच्या उन्हात नेऊ नका, खोड भाजतं. हळूहळू सवय लावा.)

फॉरवर्डच्या एका नव्या आवृत्तीत आणखी एक भर पडली आहे: ‘गावाकडे बांधावर असतो तोच हा.’ हे चुकीचं तर आहेच, धोक्याचंही आहे. बांधावरचा तीनधारी निवडुंग युफोर्बिया कुळातला, कॅक्टस नव्हे. ओळख सोपी: खोडाला जरा ओरखडा काढा. पांढरा चीक आला तर तो सेरियस नाही. त्या चिकाने कातडीला फोड येतात, डोळ्यांत गेला तर इजा होते. तसं झालं तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. आणि त्याची फळं खाऊन पाहू नका.