भुंग्याचे बारसे कसे करावे

घरात पाळलेल्या भुंग्याला, नाकतोड्याला किंवा मुंगळ्याला नाव काय ठेवावे, हा प्रश्न आता आमच्या फोंडा तालुक्यातील सुशिक्षित कुटुंबांनाही भेडसावू लागला आहे. यंदा चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात वाड्यावर नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने आपल्या भुंग्याच्या बारशाला मला अगत्याने बोलावले होते, त्यामुळे या विषयावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो.

सर्वप्रथम, किड्याला आधीपासूनच एक नाव आहे याकडे साफ दुर्लक्ष करावे. आपल्या पूर्वजांना दुसरा उद्योग नव्हता. ते किड्याकडे पाहत बसले आणि शिंग दिसले म्हणून गेंड्या, सोंड दिसली म्हणून सोंड्या, अंग बारीक दिसले म्हणून टाचणी, अशी गावंढळ नावे ठेवून गेले. जपानी लोकही त्यातलेच. तेथील मुले ज्या भुंग्याला हौसेने पाळतात त्याला काबुतोमुशी म्हणतात, म्हणजे शिरस्त्राणवाला किडा. आपण मात्र मॅक्स, रॉकी, ब्रूनो यांपैकी एखादे नाव निवडावे. ते कुत्र्यासाठी राखून ठेवलेले असले तरी हरकत नाही.

नाव ठेवण्यापूर्वी प्राण्याला उलटा करून पाहू नये. गेंड्या भुंग्यात शिंग नरालाही असते आणि मादीलाही, फक्त नराचे बहुधा लांब असते; मादी ओळखायची ती पोटाच्या टोकाशी असलेल्या तांबूस केसांच्या झुपक्यावरून. बारशाच्या दिवशी पाळण्यात, म्हणजे मिठाईच्या खोक्यात, निजवलेल्या मॅक्सला असा भरघोस झुपका होता. तो मी यजमानांच्या नजरेस आणून दिला, तेव्हा ‘काका, आम्ही मुलगा-मुलगी असा भेद मानत नाही’ असे बाणेदार उत्तर मिळाले. मी अंड्यांविषयी बोलणार होतो, पण तोवर केक कापायला घेतला होता.

खोक्याला भोके पाडायची राहून गेल्यास दुसऱ्या भुंग्याला तेच नाव द्यावे.

पाय मोजू नयेत. मृगाच्या किड्याला आठ पाय असतात, तेव्हा तो मुळात कीटकच नव्हे, असे सांगणाऱ्या माणसाला पुढच्या बारशाला बोलावू नये.

कोणी हसलेच तर शास्त्रज्ञांकडे बोट दाखवावे. २००५ साली दोन अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी भुंग्यांच्या तीन नव्या जातींना त्यांचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश, उपराष्ट्राध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांची नावे दिली. स्लोव्हेनियातील गुहांमध्ये राहणाऱ्या एका आंधळ्या भुंग्याला १९३०च्या दशकात चिकटवलेले हिटलरचे नाव आजही तसेच आहे, आणि केवळ त्या नावापायी संग्राहक त्या बिचाऱ्याच्या मागावर असतात. मात्र नाव देण्यापूर्वी या मंडळींनी त्या किड्याचे अंगप्रत्यंग भिंगाखाली तपासले होते, हा तपशील गाळावा. लिनियसने १७५८ साली आपल्या गेंड्या भुंग्याला दिलेल्या लॅटिन नावातही गेंडाच आहे, हेही सांगू नये. माणसाने शिंगाकडे पाहिले होते, असे उगाच सिद्ध होते.

आता सर्वांत महत्त्वाचा विधी, म्हणजे निरोप. हौस फिटली, की साधारण बाराव्या दिवशी भुंग्याला ‘निसर्गात’ सोडावे. निसर्ग म्हणजे शेजाऱ्याचे कुळागर, माड-पोफळींची बाग. मॅक्स आणि त्याचे चार मित्र माझ्या शेणखताच्या खड्ड्याच्या काठावर, मोबाईलवर चित्रण करीत, टाळ्यांच्या गजरात सोडण्यात आले. गेंड्या भुंग्याची मादी अंडी घालायला अगदी अशीच जागा शोधत असते आणि तिच्या अळ्या त्याच खतात महिनोन्महिने पोसल्या जातात. मोठा झालेला भुंगा रात्री माडाच्या शेंड्यात शिरतो, न उलगडलेल्या कोवळ्या पानाची सुई पोखरतो, आणि पुढे ते चुडते उलगडले की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे दिसते. रोप लहान असले आणि कोंबच कुरतडला गेला, तर रोप मरते. मोठा माड वाचला, तरी त्या जखमेच्या वासाने सोंड्या हा दुसरा भुंगा येतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोकळ करतात. दिवाळीपर्यंत माझ्या सात रोपांपैकी तीन कातरली गेली. ती मॅक्सच्या टोळीनेच कातरली असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण माझ्या कुळागरात भुंगे आधीही होते. म्हणून तर दर पावसाळ्यात मी पानांच्या बेचक्यांत वाळू आणि डांबराच्या गोळ्या घालतो आणि लोखंडी आकडीने भुंगे ओढून काढतो. परवा असाच एक काढला, तर कुंपणापलीकडून शेजारीणबाई ओरडल्या, ‘अहो, तो आमचा मॅक्स तर नसेल? जीव कसा होतो तुमचा!’ त्या वेळी त्यांच्या चुलीवर माझ्याच नारळाच्या रसातले हुमण उकळत होते.

जीव कसा होतो? ज्या भुंग्याला तुम्ही बारा दिवस काकडीच्या चकत्यांवर ठेवलेत, तो काय खातो हे विचारायला तुम्ही वीस पावले चालून माझ्याकडे आला नाहीत. विचारले ते फक्त तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाने. बारशाच्या गर्दीत त्याने माझा हात धरून ‘काका, हा जेवतो काय?’ असे विचारले, आणि मी तोंड उघडणार तोच तुम्ही त्याला फोटोसाठी ओढून नेलेत. त्या घरात भुंग्याकडे पाहणारा तो एकटाच होता. तुम्ही नाव ठेवलेत, छायाचित्र काढलेत आणि आपले कर्तव्य संपले असे ठरवून मोकळे झालात. भुंगाही तुम्हाला कळला नाही आणि माडही नाही. लाज वाटायला हवी होती.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता मी शेणखताचा खड्डा उपसणार आहे. मुलाला घेऊन या आणि अळ्या वेचायला बसा. घमेले मी देतो, हातमोजे तुमचे तुम्ही आणा.