टेकडीवर यादी नको, सुतळी न्या

सुट्ट्या लागल्या की ग्रुपवर मुलांच्या 'निसर्ग ट्रेझर हंट'ची पोस्टर्स फिरायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे. पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या हातात वस्तूंची यादी द्यायची आणि 'बघू, आधी कोण आणतंय' म्हणायचं, यात टेकडी फुकट जाते. पोरं सुसाट पळतात, दिसेल ते ओरबाडतात आणि शेवटी मेडलवरून रडारड. (रडणाऱ्यांत एखाद-दुसरा बाबाही असतो.)

त्यापेक्षा सुतळी न्या. पुण्यातली वेताळ टेकडी असो नाहीतर तळजाई, दोघादोघांत एक तुकडा द्यायचा, जमिनीवर गोल करायचा आणि त्यात कोण कोण राहतं ते बघायचं. कोरड्या दिवसांत भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे दिसतात. तळाशी मातीत लपून एक अळी बसलेली असते. मुंगी काठावरून घसरली की अळी खालून मातीचे कण उडवते, की मुंगी आणखी खाली. "काका, परत पाडली तिला!" असं ओरडत पोरं पोटावर आडवी होतात, मग उठवून उठत नाहीत.

हाच गोल गिरिपुष्पाखाली केला तर बरेचदा नुसता पाचोळा हाती लागतो. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड आपल्या टेकड्यांवर भरमसाट लावलंय. 'इथे कोणीच कसं नाही?' हे पोरं आपणहून विचारतात, तेव्हा सांगायचं, की हे झाड इथलं नाही.

आंधळी कोशिंबीरही छान रंगते. डोळे बांधून मुलाला एका झाडापाशी न्यायचं, खोड चाचपू द्यायचं, दोन-चार गिरक्या घालून परत आणायचं आणि डोळे सोडून 'तुझं झाड कुठलं' ते शोधायला लावायचं. झाड आधी मोठ्यांनी हात लावून बघावं, काटे आणि मुंगळे असतात. खाजकुइलीच्या शेंगा दिसल्या तर तिथून सरळ लांब जायचं, ती कुसं अंगाला लागली तर पुढचा खेळच बंद.

पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायचं. आईबाबांनी फक्त नावं सांगायची घाई करू नये. 'ही बाभूळ बरं का' म्हटलं की पोरं लगेच पुढच्या झाडाकडे वळतात. त्यांनी तिला 'काटेवाली आजी' म्हटलं तर म्हणू द्या की, बाभूळ कुठे पळून जातेय!