प्लँक्स्टीच्या हातातलं 'प्राचीन' वाद्य

आयरिश लोकसंगीताबद्दल एक दावा सारखा फिरत असतो: केल्ट या तिथल्या प्राचीन लोकांनी हे सूर हजारो वर्षं जसेच्या तसे जपले, बाहेरचं वारंसुद्धा लागू दिलं नाही. पुरावा म्हणून प्लँक्स्टी या चौकडीची गाणी आणि त्यातले अँडी अर्विन पुढे केले जातात. उदाहरण निवडावं तर असं! या एका माणसाच्या रेकॉर्डच दाव्याच्या मुळावर येतात.

'तिथल्याच मातीतला गायक.' अर्विन १९४२ साली जन्मले ते लंडनला. आई आयरिश, वडील स्कॉटिश. लहानपणी अभिनय केला, मग क्लासिकल गिटार शिकले. दैवत मात्र अमेरिकेचे लोकगायक वुडी गथ्री. डब्लिनला आले ते विशीत.

'वाद्यं प्राचीन.' बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य मूळचं ग्रीसचं. आयरिश संगीतात ते जॉनी मॉयनिहन यांनी आणलं, तेही १९६०च्या दशकात. १९६६ साली अर्विन, मॉयनिहन आणि जो डोलन यांनी 'स्वीनीज मेन' हा गट काढला. जुन्या रिवाजात सगळी वाद्यं मिळून एकच सुरावट वाजवत आणि गाणारा बहुतेकदा साथीविनाच गाई. १९७२ साली जमलेल्या प्लँक्स्टीत डोनल लनी यांचं बुझुकी आणि अर्विन यांचं मँडोलिन गाण्याच्या खालून दोन वेगळ्या सुरावटी चालवतात, एकमेकींत गुंफत जातात. ऐकणाऱ्याला जे 'आदिम' वाटतं ते बहुधा हेच, आणि १९७३च्या पहिल्या अल्बमच्या वेळी त्याचं वय दहा वर्षंही नव्हतं.

'बाहेरचा स्पर्श नाही.' १९६८ साली अर्विन गट सोडून बल्गेरिया, रोमानिया, युगोस्लाव्हियात भटकायला गेले आणि तिथल्या विषम मात्रांच्या लयी घेऊन परतले. राचेनित्सा या बल्गेरियन नाचात आपल्या रूपकासारख्या सातच मात्रा, पण तुकडे २-२-३ असे पडतात. प्लँक्स्टीच्या १९७९च्या अल्बममध्ये बल्गेरियन नाच सरळसरळ वाजवलेला आहे. अर्विन यांच्या १९९२च्या 'ईस्ट विंड' या अल्बममध्ये तर डेव्ही स्पिलेन यांच्या आयरिश पाइप्सवर बाल्कन धुना आहेत.

एक गोष्ट मान्य: प्लँक्स्टीतल्या लिअम ओ'फ्लिन यांचं इलन पाइप्सवादन (भात्यानं हवा भरून वाजवायचे हेच ते आयरिश पाइप्स) खरोखर गुरुपरंपरेतलं. ते लिओ राउसम यांच्याकडे शिकले. पण ते वाद्यही घडलं अठराव्या शतकात, आणि 'रील' हा नाचाचा प्रकार आला स्कॉटलंडहून. हजारो वर्षं कुठून काढली, कोण जाणे.

'सगळी गाणी अनामिक, परंपरागत.' पुष्कळशी आहेत. पण त्या पहिल्या अल्बममधलं 'वेस्ट कोस्ट ऑफ क्लेअर', जे अनेकांना जुनं लोकगीतच वाटतं, ते अर्विन यांनी स्वतः लिहिलेलं आहे.