दंडातली 'शुगरची चिप': फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

ठाणे, ऐरोली, वाशीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: दंडावरची गोल चकती म्हणजे शरीरात बसवलेली चिप, ती थेट रक्तातली साखर मोजते, आता बोट टोचणं कायमचं बंद. यातलं काहीच जसंच्या तसं खरं नाही.

चकती कातडीवर चिकटवलेली असते. लावताना सुई आत जाऊन लगेच बाहेर येते; आत उरते सुमारे 5 मिलिमीटरची मऊ तार. फ्रीस्टाइल लिब्रे या ब्रँडची चकती मॉडेलनुसार 14 किंवा 15 दिवसांनी काढून टाकायची. शरीरात बसवायचा सेन्सर वेगळा, एव्हरसेन्स: जेमतेम 18 मिलिमीटर लांब, डॉक्टर जागा बधिर करून छोट्या छेदातून घालतात. 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा मुदत 90 दिवस होती, 2024 च्या आवृत्तीची 365. त्याला वीज मिळते वर कातडीवर चिकटवलेल्या ट्रान्समीटरकडून, म्हणजे आकडे मोबाइलला पाठवणाऱ्या उपकरणाकडून. ट्रान्समीटर काढला की नोंद थांबली. शिवाय बोट टोचून कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा रक्ताच्या आकड्याशी जुळवणं, करावंच लागतं.

चकती आणि सेन्सर दोन्ही मोजतात ती पेशींभोवतीच्या द्रवातली साखर. त्यामुळे साखर झपाट्याने चढते-उतरते तेव्हा आकडा काही मिनिटं मागे असतो. चकतीच्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे पहाटे साखर खूप कमी झाल्याचा खोटा आकडा, समजा 58, दिसू शकतो. उलट घाम फुटलाय, हात थरथरताहेत आणि आकडा 110? ताबडतोब ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोट टोचून साखर मोजायच्या यंत्रावर, तपासा. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस राहिला तरी आकडा फुगतो.

कृपया घरातल्या ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स टाकून देऊ नका.